अभिस्तर पेशी आणि त्यांचा शेजार : सुपारीजन्य मुखविकाराच्या संदर्भात पेशी-संवादाचा विचार

प्रस्तावना

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानवी पेशीचे पहिले दर्शन बहुधा त्याच्या स्वतःच्याच तोंडातून घडते. गालाच्या आतील बाजूवरून स्वच्छ काडी हलकेच फिरवावी, तिला लागलेला अंश काचपट्टीवर पसरावा, मेथिलीन ब्ल्यूचा एक थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहावे. पातळ, पसरट, कडा दुमडलेल्या आणि मध्यभागी गडद निळा ठिपका असलेल्या पेशी दिसतात. हा प्रयोग आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे केला जातो आणि तो उपयुक्तही आहे. तथापि त्यातून एक अपुरी समजूत नकळत रुजते, ती अशी की पेशी म्हणजे एक सुटी, स्वयंपूर्ण वस्तू होय. वस्तुतः काचपट्टीवर आलेल्या या पेशी आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेल्या व गळून पडण्याच्या बेतात असलेल्या असतात. त्यांच्या खालच्या थरांतील जिवंत पेशी कधीच एकट्या नसतात. त्या आपल्या जातीच्या पेशींशी, त्यांच्यामध्ये वस्तीला आलेल्या परक्या पेशींशी आणि तळाखालच्या संयोजी ऊतीतील पेशींशी अखंड देवाणघेवाण करीत असतात.

या देवाणघेवाणीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) येथील वाचकालाही अपरिचित नाही. विदर्भातील कोणत्याही बाजारगावात तिशीच्या आतला असा एखादा तरुण भेटतो की ज्याला भाकरीचा घास नीट घेता येत नाही, तिखट सोसत नाही आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. लोक त्यास ‘तोंड आखडले’ असे म्हणतात. वैद्यकात या विकारास मुखाची अधःश्लेष्मल तंतुमयता असे म्हणता येईल. या विकाराचे मूळ सुपारीत आहे हे आता सर्वमान्य आहे. परंतु गालाच्या अस्तरावर पडलेल्या सुपारीच्या रसाने अस्तराखालची ऊती दोरासारखी ताठ का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर पेशी-संवादात दडलेले आहे.

अभिस्तर म्हणजे काय

शरीराचा प्रत्येक मोकळा पृष्ठभाग अभिस्तर ऊतीने आच्छादलेला असतो. त्वचा, तोंड, अन्ननलिका, आतडे, श्वासनलिका, मूत्रमार्ग, ग्रंथींच्या नलिका ही सर्व त्याची क्षेत्रे होत. अभिस्तराची दोन वैशिष्ट्ये येथे ध्यानात घ्यावयाची आहेत. पहिले असे की त्याच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात व त्यांच्या तळाशी प्रथिनांचे एक पातळ पटल असते. यास आधारपटल म्हणतात. दुसरे असे की अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू आणि अन्नद्रव्ये खालच्या संयोजी ऊतीतील केशवाहिन्यांतून पाझरत वर येतात. म्हणजे अभिस्तर हा एका अर्थी खालच्या ऊतीचा आश्रित आहे. ही दुसरी बाब वरवर साधी दिसते. तथापि पुढील विवेचनात तिचे महत्त्व फार आहे.

बोलण्याच्या रीती

अभिस्तर पेशी मुख्यतः तीन रीतींनी संवाद साधतात. लगतच्या दोन पेशींचा संवाद स्पर्शाने चालतो. ई-कॅडहेरिन नावाची प्रथिने एका पेशीतून बाहेर येऊन शेजारच्या पेशीच्या तशाच प्रथिनांत गुंततात. ती केवळ चिकटवण नसून, शेजारी जागेवर आहे की नाही ही वार्ताही पेशीच्या आत पोहोचविते. याखेरीज कोनेक्सिन या प्रथिनांच्या सूक्ष्म नलिका दोन पेशींना थेट जोडतात व त्यांतून कॅल्शियमसारखे आयन व लहान रेणू इकडून तिकडे जातात. दोन घरांच्या मधल्या भिंतीत कोनाडा पाडून वाटी-चमचा साखर द्यावी-घ्यावी, तसाच हा प्रकार.

दुसरी रीत संकेतरेणूंची. पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते, ते थोडे अंतर पसरते आणि ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्यास जुळणारा ग्राही असेल तीच ते ‘ऐकते’. तिसरी रीत सर्वांत उशिरा उमगली. पेशींभोवतीचा तंतूंचा सांगाडा हाच एक संदेश असतो. तो मऊ आहे की ताठ, हे पेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांद्वारे चाचपून पाहते व त्यानुसार आपले वर्तन बदलते.

हा संवाद किती निर्णायक असतो याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कोंबडीच्या भ्रूणातील पंखाच्या जागेची बाह्यत्वचा घेऊन तिच्याखाली शरीराच्या निरनिराळ्या भागांची अंतस्त्वचा ठेवण्याचे प्रयोग विकासजीवशास्त्रात प्रसिद्ध आहेत. खाली मांडीची अंतस्त्वचा ठेवली तर मांडीसारखी पिसे येतात, पायाच्या पंजाची ठेवली तर खवले येतात. वरची पेशी तीच. शेजार बदलला, तशी तिची घडण बदलली. दुसरे उदाहरण प्रयोगशाळेतील आहे. मानवी त्वचेच्या अभिस्तर पेशी एकट्या वाढविणे दीर्घकाळ जमत नव्हते. १९७५ साली अमेरिकेत ऱ्हाइनवॉल्ड व ग्रीन यांनी, ज्यांचे विभाजन थांबविले आहे अशा उंदराच्या तंतुजनक पेशींच्या थरावर त्या वाढविल्या आणि त्या जोमाने वाढल्या. तंतुजनक पेशी केवळ शेजारी असल्याने हे घडले. भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचेचे पापुद्रे प्रयोगशाळेत तयार करण्याचे तंत्र यातूनच पुढे आले.

परक्या पेशींशी असणारा व्यवहार पाहावयाचा असल्यास चैत्र-वैशाखात शेतात राबणाऱ्या मनुष्याच्या हातांकडे पाहावे. सदऱ्याच्या बाहीखालचा भाग आणि उघडा भाग यांत स्पष्ट सीमारेषा दिसते. उन्हातील अतिनील किरणांनी इजा होते ती प्रामुख्याने अभिस्तर पेशींना. परंतु रंग तयार करणारी पेशी निराळीच असते. साधारण ३६ अभिस्तर पेशींच्या वाट्याला एक रंजकपेशी येते. इजा झालेल्या अभिस्तर पेशी संकेतरेणू सोडतात, रंजकपेशी मेलॅनिन तयार करते आणि आपल्या फांद्यांसारख्या शाखांद्वारे ते शेजारणींना वाटते. त्या ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात. तक्रार एकीची, काम दुसरीचे आणि लाभ सर्वांचा, असा हा सहकार आहे.

जखम आणि तिची भाषा

तोंडातील विकाराकडे वळण्यापूर्वी जखम भरण्याची प्रक्रिया पाहणे आवश्यक आहे. गाल दाताखाली चावला गेला की अभिस्तर तुटते. तुटलेल्या कडेच्या पेशी इंटरल्युकिन-१ हा संकेतरेणू सोडतात. आधारपटलाखालच्या तंतुजनक पेशी तो ऐकतात आणि उत्तरादाखल अभिस्तराची वाढ करणारा वृद्धिघटक वर पाठवितात. अभिस्तर वाढून खाच बुजविते. त्याच वेळी टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा एक संकेत तंतुजनक पेशींना कोलॅजेनचे तंतू विणण्यास सांगतो. कोलॅजेन हे शरीरातील दोरखंड होय. त्यामुळे डागडुजी बळकट होते. खाच बुजली की संकेत थांबतात, जास्तीचे तंतू विशिष्ट विकरांकडून तोडले जातात आणि आठवडाभरात गाल पूर्ववत होतो.

टीजीएफ-बीटा हा मोठा प्रभावी संकेत असल्याने शरीराने त्यास कुलूप घातले आहे. पेशी तो बाहेर सोडते ते एका प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळून. त्या अवस्थेत तो निष्क्रिय असतो. हे वेष्टन उघडण्याच्या ज्या किल्ल्या आहेत त्यांपैकी एक केवळ अभिस्तर पेशींकडेच असते. ती म्हणजे अल्फा-व्ही-बीटा-६ हे इंटेग्रिन. निरोगी, शांत अभिस्तरात ते जवळजवळ नसतेच. जखम झाली की प्रकट होते. म्हणजे खालच्या ऊतीने तंतू विणावेत की नाही, याचा एक महत्त्वाचा निर्णय वरच्या थराच्या हाती आहे.

एका विकाराचा शोध

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांच्या तोंडात आढळलेल्या या विकाराचे वर्णन केले. पाठोपाठ १९५३ साली मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींच्या तंतुमयतेची नोंद केली. पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात व्ही. आर. खानोलकर आणि सत्यवती सिरसाट यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्या काळी संशय होता तो मिरचीवर. त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूस मिरचीतील कॅप्सेसिन लावून ऊतीतील बदल साध्या व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. झणझणीत खाणाऱ्या प्रदेशात अशी शंका येणे स्वाभाविकच होते. १९६६ मध्ये पिंडबोर्ग व सिरसाट यांनी या विकाराची जी व्याख्या केली ती आजही उद्धृत केली जाते. अभिस्तरालगत दाह, त्याखालोखाल संयोजी ऊतीत तंतूंची वाढ, अभिस्तराची झीज आणि परिणामी तोंड आखडणे, असा क्रम तीत आहे. अभिस्तर आणि त्याखालची ऊती यांचे नाते या व्याख्येतच सूचित झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मिरचीवरील आरोप पुढे टिकला नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या भावनगर येथील तुलनात्मक पाहणीसह अनेक अभ्यासांनी सुपारीकडेच बोट दाखविले. तिखट लागले की या रुग्णांच्या तोंडाची आग होते हे खरे. पण ते विकाराचे लक्षण आहे, कारण नव्हे. सुपारी ही स्वतः, तंबाखूविनाही, कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडील लोकांस हे सांगणे फार अवघड जाते. जेवणानंतरची भाजकी सुपारी, लग्नातील विडा, पूजेतील सुपारी यांमुळे तिला एक पावित्र्य प्राप्त झाले आहे. दोष देण्यास तंबाखू तयारच असतो. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे वाक्य त्यामुळेच ऐकू येते.

सुपारीचा रस कोणाशी बोलतो

सुपारीत अॅरेकोलिन हे अल्कलॉइड, टॅनिन व कॅटेचिन ही तुरट द्रव्ये आणि तांब्याचे बरेच प्रमाण असते. १९८० च्या दशकात लंडनमधील संशोधकांनी तंतुजनक पेशींवर अॅरेकोलिन टाकून त्या अधिक कोलॅजेन तयार करतात असे दाखविले. त्यावरून सुपारीची द्रव्ये अस्तरातून झिरपून थेट खालच्या पेशींना चेतवितात, असे सरळ स्पष्टीकरण रूढ झाले. ते पूर्णतः चुकीचे नाही. पण अपुरे आहे. कारण सुपारी प्रथम भेटते ती अभिस्तर पेशींना, आणि तेथे तिचे प्रमाण सर्वाधिक असते.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत पी. कोंडय्या आणि सहकाऱ्यांनी २०१२ व २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने हा मधला दुवा पुढे आणला. त्यांनी सुपारीचा अर्क अभिस्तर पेशींवर वापरला, तेव्हा त्या पेशींत टीजीएफ-बीटाची संकेतयंत्रणा जागृत झाली. मग अशा पेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव हिरड्यांतील तंतुजनक पेशींना दिला असता त्या तंतुनिर्मितीस प्रवृत्त झाल्या. टीजीएफ-बीटा आणि सुपारी ही दोन्ही एकत्र आल्यास परिणाम अधिक तीव्र होतो असेही दिसून आले. म्हणजे निरोप्या अभिस्तर आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकाराच्या ऊतीत अल्फा-व्ही-बीटा-६ हे इंटेग्रिन वाढलेले आढळले आणि अॅरेकोलिनमुळे अभिस्तर पेशी ते अधिक तयार करतात असेही दिसले. कुलपाची किल्ली सुपारीने शेजारणीच्या हाती दिली.

अॅरेकोलिनला हे कसे साधते? त्याची रेणुरचना अॅसिटिलकोलीन या शरीराच्या स्वतःच्या संकेतरेणूशी मिळतीजुळती आहे. अॅसिटिलकोलीनचे ग्राही केवळ मज्जापेशींवर असतात असे एके काळी समजले जाई; परंतु ते अभिस्तर पेशींवरही असतात. अॅरेकोलिन त्यांपैकी मस्करिनी ग्राहींना जाऊन बिलगते. चघळण्यातून येणारी तरतरी मेंदूतील याच कुळातील ग्राहींशी संबंधित आहे. गालात मात्र तेच द्रव्य ‘जखम झाली आहे’ असा खोटा निरोप उठविते. त्यात सुपारीचे खरखरीत कण गाल खरोखरच ओरखडतात, म्हणजे निरोप अगदीच खोटाही राहत नाही. पुडी दिवसातून अनेक वेळा तोंडात जाते. जखम कधी संपतच नाही, आणि संकेतही थांबत नाहीत.

इतर दोन घटक ही स्थिती कायम करतात. कोलॅजेनच्या तंतूंना आडवे टाके घालणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावाचून काम करीत नाही. सुपारीतून तांबे मुबलक मिळते. तुरट द्रव्यांचे काम तर आपल्या ग्रामीण वाचकास चटकन कळेल. बाभळीच्या सालीतील टॅनिनने कातडे कमावतात, ते कुजत नाही. कारण टॅनिन कोलॅजेनला बांधून टाकते व विकरांना ते तोडता येत नाही. सुपारीची तुरट द्रव्येही कोलॅजेनला असेच टिकाऊ करतात, हे १९८७ च्या प्रयोगांतून दाखविले गेले आहे. गाल जिवंतपणीच कमावला जातो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उलट दिशेचा संवाद

येथवरचा निरोप वरून खाली गेला. आता खालून वर काय येते ते पाहू. तंतू दाट झाले की केशवाहिन्या आवळल्या जातात व त्यांची संख्याही घटते. अभिस्तर रक्तासाठी परावलंबी असल्याचा उल्लेख आरंभी केलाच आहे. पुरवठा आटला की ते पातळ होते, पांढुरके दिसू लागते, गालावर हात फिरविल्यास उभ्या दोऱ्या लागतात. पातळ अस्तरातून सुपारीची द्रव्ये अधिकच सहज आत शिरतात. ताठ झालेला सांगाडा तंतुजनक पेशींना आणखी विणण्यास उद्युक्त करतो, कारण ताठपणा हीदेखील त्यांच्या लेखी जखमेचीच खूण असते. वर्तुळ असे पूर्ण होते.

यामुळेच सुपारी सोडल्यानंतरही आखडलेले तोंड सहसा आपोआप मोकळे होत नाही. पण खरी भीती त्यापुढची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात या विकाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या कालखंडात पाठपुरावा केला. त्यांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्के रुग्णांना, तोंडाचा कर्करोग झाला. हे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते रुग्ण गुटखा सर्वत्र पसरण्यापूर्वीच्या काळातील होते, हे येथे विसरता कामा नये. विड्यातील ओल्या पानाच्या तुलनेत पुडीत सुक्या सुपारीचे प्रमाण कितीतरी जास्त असते, आणि पुडी खाणाऱ्यांत विकार लवकर उद्भवतो असे नंतरच्या पाहण्यांतून दिसून आले आहे.

महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली व पुढे तिचे आदेश वेळोवेळी नव्याने निघत राहिले. पूर्व विदर्भातील खर्रा मात्र पुडीत बंद होऊन येत नाही. टपरीवर सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून तो गिऱ्हाइकासमोर तयार होतो. साधी सुपारी तर किराणा दुकानात मिळतेच. पेशींच्या दृष्टीने या वेगवेगळ्या नावांत फरक नाही.

उपचाराची अडचण

विकाराचे मूळ संवादात असेल तर संवादच तोडावा, असा विचार सुचणे साहजिक आहे. फुप्फुसातील तंतुमयतेत असा प्रयत्न झाला. अल्फा-व्ही-बीटा-६ या इंटेग्रिनला रोखणारे प्रतिपिंड रुग्णांवर तपासले गेले, परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव ती चाचणी २०१९ मध्ये थांबवावी लागली. टीजीएफ-बीटा हा केवळ तंतू विणण्याचा आदेश नव्हे. तोच संकेत निरोगी अभिस्तर पेशींच्या विभाजनाला लगाम घालतो आणि प्रतिकारपेशींना शांत ठेवतो. तो सरसकट बंद केल्यास तंतू कमी होतील, पण लगामही सुटेल. कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या गालात ही जोखीम लहान नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या विकारावर एकच रामबाण औषध सापडण्याची आशा बाळगणे त्यामुळे फारसे शहाणपणाचे ठरणार नाही.

सध्या दंतवैद्य गालात स्टेरॉइड व हायलुरोनिडेज यांची इंजेक्शने देतात. पहिले दाह शमविते, दुसरे ऊतीतील भरणद्रव्य सैल करते. सोबत जबडा उघडण्याचा नियमित व्यायाम असतो; आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांमध्ये एकेक वाढवत नेणे हा त्याचा साधा प्रकार. फार आखडलेल्या तोंडात शस्त्रक्रियेने दोऱ्या कापतात. मात्र शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सोडला किंवा सुपारी चालू राहिली तर नवी जखम पुन्हा तंतूंनीच भरते.

याउलट आरंभीच्या अवस्थेत चित्र बरेच निराळे असते. तोंड आखडण्याच्या कितीतरी आधी तिखटाने आग होणे, वारंवार फोड येणे, तोंडास कोरड पडणे ही लक्षणे दिसतात. तेव्हा तंतू विणले जात असले तरी त्यांस अद्याप घट्ट टाके पडलेले नसतात, आणि सुपारी बंद केल्यास त्रास कमी होण्याची शक्यता असते. तपासणीस कोणतेही साधन लागत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये सहज जावीत, हे त्याचे स्थूल माप होय. शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत उंची व वजनासोबत हे मापही घेता येईल, आणि आठवीच्या वर्गापासूनच घ्यावे; कारण पुडीची ओळख त्याच सुमारास होते.